दहा ग्रॅमचा धागा

डोळे मिटा, मेलेनाइते.
मी धागा टेकवते. कळलं, तर 'हो' म्हणा.

अंगठ्याचं पेर.
करंगळीखाली.
टाचेची कड, जिथे प्रवाळावरून अनवाणी चालून
कातडीची पार चटई झालीय.

बाहेर कोंबडा आरवतो. ती म्हणते, 'हो.'
मी अजून धागा टेकवलेलाच नसतो.

नायलॉनचा धागा. बरोबर दहा ग्रॅम दाबाला वाकतो,
आणि वाकला की त्याचं काम संपतं.
दहा ठिकाणी मी तिच्या पायाचं दार वाजवते.
घर आहे, अंगण आहे, आतून ओ येत नाही.

रविवारी ऊमूच्या खड्ड्यावरची केळीची पानं काढताना
ती तापल्या दगडावर उभी राहिली, जप म्हणून होईपर्यंत.
वास आला तेव्हा तिला वाटलं,
मांस आज लवकर शिजलं.
तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात.
हिची निघाली खरी,
गुडघ्याच्या अलीकडेच कुठे विझली.

मग डनीडिनहून डॉक्टर हेटी आल्या, खोकी घेऊन.
मलमाच्या नळ्या, सगळ्या सारख्याच पांढऱ्या.
निम्म्यांत औषध, निम्म्यांत नुसतंच मलम.
कुठली कोणती ते मला ठाऊक नाही, डॉक्टरांना नाही,
यादी दुसऱ्या देशात, कुलपात.
याला म्हणतात दोन्हीकडून आंधळी चाचणी.
मेलेनाइते हसली. तिच्या डाव्या डोळ्यात
लेझरचे डाग आहेत, उजव्यात धुकं.
'म्हणजे तिघी एकाच होडीत. वल्हवायचं कुणी?'

संमतीपत्राची पाच पानं मी वाचून दाखवली.
तिने एकच विचारलं:
'मला खोटं मिळालं, तर माझं पाऊल कुणाच्या कामी येईल?'
मी म्हटलं, पुढच्या कुणाच्या तरी.
'कुणाच्या तरी म्हणजे कुणाच्या?'
माझ्याकडे नाव नव्हतं.
तिने भाचीकडे पाहिलं. लोसा, वय अकरा,
हातात गोड पावाचा तुकडा.
आणि सही केली.

दर मंगळवारी जखमेवर पारदर्शक कागद ठेवून
मी काठ गिरवायचे, चौकोन मोजायचे.
पहिल्या महिन्यात नकाशा आमच्या वावाऊसारखा,
खाड्याच खाड्या.
मग एकच बेट.
मग ओहोटीला दिसतो तेवढा खडक.
चौदाव्या आठवड्यात कागद कोरा.
तिने केवड्याच्या पातीची चटई आणली.
भेट घ्यायला नियमात बसत नाही.
मी घेतली. फॉर्मवर लिहिली नाही.

दीड वर्षाने कुलूप उघडलं.
सत्तेचाळीस नंबर, मेलेनाइते: नुसतं मलम.
एकतीस नंबर, सिओसाइआ, खरं औषध.
त्याचा पाय गुडघ्याखालून
केव्हाच गेला होता.
एकूण निकाल दोन शब्दांत आला: फरक नाही.
फोनवर हेटी बराच वेळ गप्प होत्या,
मग म्हणाल्या, 'हेही कळायला हवंच होतं.'
दोनशे बारा पावलं
आता एका तक्त्यात उभी आहेत,
ज्यांना ती वाट सोडून द्यायची, त्यांच्यासाठी.

मेलेनाइतेला मी सांगितलं.
'मग बरं कशाने झालं?'
मंगळवारांनी असेल. रोज धुतल्याने, रोज पाहिल्याने,
बुटांनी, ज्यांना ती अजून शिव्या घालते.
नशिबानेही असेल, पण त्याला तक्त्यात रकाना नाही.

चाचणी संपली तरी ती येते.
आज लोसाही चढून बसली बाकावर,
'माझ्यावर कर.'
डोळे मिट, म्हटलं.
धागा टेकला मात्र, पाय झटकून ती खिदळली.
दहाच्या दहा ठिकाणी 'हो', ठेवायच्या आधीच दोनदा.

मेलेनाइते वाकली, कान लावल्यासारखी, तिच्या तळव्याशी.
'कसं वाटतं गं? नीट सांग मला.'
लोसाने आधी विचार केला,
मग खांदे उडवले.